भिंतीच्या भेगेतील रक्तपिपासू ढेकूण व चागास रोग

पिकावरील किडीकडे शेतकऱ्याचे लक्ष सहज जाते, कारण तिने केलेले नुकसान डोळ्यांना दिसते. घराच्या भिंतीत, छपरात, खुराड्यात आणि गोठ्यात राहणाऱ्या किडीकडे मात्र तितक्या काळजीने पाहिले जात नाही. अशा दुर्लक्षाची केवढी किंमत द्यावी लागते, याचे एक मोठे उदाहरण दक्षिण व मध्य अमेरिकेतील खेड्यांत आढळते. तेथील कुडाच्या व मातीच्या भिंतींत राहणाऱ्या, माणसाचे रक्त पिणाऱ्या एका ढेकणाने पिढ्यान् पिढ्या शेतकरी कुटुंबांच्या हृदयात रोगाचे बीज पेरले. त्या रोगास चागास रोग असे म्हणतात.

हा रोग आपल्याकडील नव्हे. तो पसरविणारा जंतू भारतातील ढेकणांत आढळत नाही. तरीही ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी ही माहिती करून घेणे दोन कारणांसाठी उपयुक्त आहे. पहिले कारण असे की, या रोगाचे मूळ माणसाच्या शरीराइतकेच त्याच्या घराच्या बांधणीत होते, आणि घर सुधारल्यामुळेही त्याला मोठा आळा बसला. दुसरे कारण असे की, या ढेकणाच्याच कुळातील काही कीटक आपल्या शेतात राहून पिकांचे रक्षण करतात. शत्रू कोण व मित्र कोण, हे ओळखता आले नाही तर आपण मित्रालाच मारून बसतो.

रोगाचा शोध कसा लागला

इ. स. १९०७ मध्ये ब्राझील देशातील मिनास जेराइस प्रांतात रेल्वेमार्गाचे काम चालू होते. मजुरांत हिवतापाची साथ पसरल्यामुळे डॉ. कार्लोस चागास या तरुण वैद्यास तेथे पाठविण्यात आले. लासान्स या गावी मुक्काम असताना एका रेल्वे अभियंत्याने त्यांना तेथील एका मोठ्या ढेकणाची माहिती दिली. हा कीटक दिवसा भिंतीच्या भेगांत लपून बसे आणि रात्री झोपलेल्या माणसाच्या तोंडाला डसे. चेहऱ्याला डसतो म्हणून लोक त्याला ‘बार्बेइरो’, म्हणजे न्हावी, असे म्हणत. काही स्पॅनिश भाषी देशांत त्याला ‘विंचूका’ हे नाव आहे, तर इंग्रजीत ओठांजवळ चावतो म्हणून त्याला चुंबन घेणारा ढेकूण म्हणतात.

डॉ. चागास यांनी या ढेकणाचे आतडे तपासले, तेव्हा त्यात शेपटीसारखा तंतू असलेले सूक्ष्म जंतू वळवळताना दिसले. असे ढेकूण त्यांनी रिओ द जानेरो येथे आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांच्याकडे पाठविले. तेथे ते लहान जातीच्या माकडांना डसविण्यात आले व त्या माकडांच्या रक्तात जंतू सापडले. पुढे १४ एप्रिल १९०९ रोजी लासान्स येथील दोन वर्षांच्या एका तापकरी मुलीच्या रक्तात हाच जंतू आढळला. गुरूंच्या सन्मानार्थ डॉ. चागास यांनी त्यास ‘ट्रिपॅनोसोमा क्रुझाय’ असे नाव दिले. रोगाचा जंतू, त्याचा वाहक कीटक आणि रोगी या तिन्ही गोष्टी एकाच संशोधकाने शोधून काढाव्यात, असे वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडले आहे. २०२० पासून १४ एप्रिल हा दिवस जागतिक चागास रोग दिन म्हणून पाळला जातो.

शोध नवा असला तरी रोग मात्र फार जुना आहे. चिली व पेरू यांच्या किनारी वाळवंटात मिळालेल्या सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या सुकलेल्या मानवी देहांतही या जंतूचे अवशेष सापडले आहेत.

ढेकणाचा जीवनक्रम

हे ढेकूण ‘ट्रायाटोमिनी’ या गटात मोडतात. त्यांच्या दीडशेहून अधिक जाती ज्ञात आहेत व त्यांपैकी बहुतेक अमेरिका खंडातील आहेत. जंगलातील जाती झाडांच्या ढोलीत, ताडमाडाच्या शेंड्यात, पक्ष्यांच्या घरट्यांत व प्राण्यांच्या बिळांत राहतात. त्यांपैकी थोड्याच जाती माणसाच्या घरी कायमच्या वस्तीस आल्या. त्यांत दक्षिणेकडील देशांतील ‘ट्रायाटोमा इन्फेस्टन्स’, व्हेनेझुएला व कोलंबियातील ‘रोडनियस प्रोलिक्सस’ आणि मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ‘ट्रायाटोमा डिमिडियाटा’ या प्रमुख होत.

पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारे दोन ते तीन सेंटिमीटर लांब असतो. म्हणजे आपल्या खाटेतील ढेकणाच्या चौपट ते सहापट मोठा. अंग चपटे, डोके लांबट, सोंड सरळ व बारीक, आणि पोटाच्या कडेला बहुधा पिवळे किंवा तांबूस पट्टे असतात. प्रौढाला पंख असतात. पिल्लांना ते नसतात.

मादी आपल्या आयुष्यात शंभरांहून अधिक अंडी घालते. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पाच वेळा कात टाकल्यावर प्रौढ होते. प्रत्येक कात टाकण्यापूर्वी त्याला रक्ताचे जेवण घ्यावेच लागते. रक्त मिळाले नाही तर वाढ थांबते, पण ढेकूण लगेच मरत नाही. तो कित्येक महिने उपाशी राहू शकतो. त्यामुळे घर काही दिवस बंद ठेवल्याने त्याचा नायनाट होत नाही. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा काळ जात, हवामान व अन्न यांवर अवलंबून असून तो काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत लांबतो. रक्त पिणे व कात टाकणे यांचा हा संबंध इतका निश्चित आहे की, इंग्लंडमधील कीटकशास्त्रज्ञ विगल्सवर्थ यांनी १९३० नंतरच्या दशकात रोडनियस ढेकणावरच प्रयोग करून, कीटकांची वाढ शरीरातील स्रावांनी कशी नियंत्रित होते, हे दाखवून दिले.

डासांमध्ये केवळ मादी रक्त पिते. या ढेकणांत मात्र नर, मादी आणि पाचही अवस्थांतील पिल्ले, सर्वच रक्तावर जगतात. श्वासावाटे बाहेर पडणारा वायू व अंगाची ऊब यांच्या आधाराने ढेकूण अंधारात माणसापर्यंत पोहोचतो. त्याच्या लाळेत वेदना न जाणवू देणारे व रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात. म्हणून पंधरा-वीस मिनिटे रक्त पीत राहिला तरी झोपलेल्या माणसास जाग येत नाही. एका बैठकीत पिल्लू आपल्या वजनाच्या अनेक पट रक्त पिऊन फुगते.

रोगाचा प्रसार कसा होतो

हिवतापाचा जंतू डासाच्या लाळेतून शरीरात शिरतो. चागास रोगाची रीत निराळी आहे. या रोगाचा जंतू ढेकणाच्या लाळेत नसतो, तो विष्ठेत असतो. ही गोष्ट फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रुम्प्ट यांनी १९१२ मध्ये दाखवून दिली.

ढेकूण रोगी माणसाचे किंवा प्राण्याचे रक्त पितो, तेव्हा जंतू त्याच्या आतड्यात जातात व तेथे वाढतात. दोन ते चार आठवड्यांत आतड्याच्या शेवटच्या भागात रोगकारक अवस्थेतील जंतू तयार होतात. त्यानंतर तो ढेकूण जन्मभर रोगवाहक राहतो. मात्र अंड्यावाटे जंतू पुढच्या पिढीत जात नाहीत. नवजात पिल्लू निरोगी असते. रोगी रक्त प्याल्यावरच ते रोगवाहक बनते.

पोटभर रक्त प्याल्यावर जागा करण्यासाठी ढेकूण तेथेच, त्वचेवर, पातळ विष्ठा टाकतो. चावलेल्या जागी खाज सुटते. माणूस झोपेतच खाजवतो आणि विष्ठेतील जंतू चाव्याच्या जखमेत, ओरखड्यात किंवा बोटांमार्फत डोळ्यांत व तोंडात जातात. अखंड त्वचेतून जंतूला आत शिरता येत नाही. सर्व जातींचे ढेकूण सारखेच धोकादायक का नसतात, याचे उत्तरही यातच आहे. ज्या जाती माणसाच्या अंगावरून उतरून गेल्यावर विष्ठा टाकतात, त्यांच्यापासून रोग होण्याचा संभव फार कमी असतो. ज्या रक्त पितानाच किंवा पिऊन होताच टाकतात, त्या सर्वांत घातक होत.

याखेरीज रोगी मातेकडून गर्भास, रोगी माणसाचे रक्त दुसऱ्यास दिल्याने आणि अन्नावाटेही रोग होतो. २००५ मध्ये ब्राझीलमधील सांता कातारिना प्रांतात रस्त्याकाठी उसाचा रस प्यालेल्या लोकांत या रोगाचा उद्रेक झाला. उसाबरोबर ढेकूण चरकात भरडले गेले व जंतू रसात उतरले. चरकात घालण्यापूर्वी ऊस धुऊन व पाहून घ्यावा, ही साधी गोष्ट किती मोलाची आहे, हे यावरून समजते.

जंतूला आश्रय देणारे प्राणी अनेक आहेत. कुत्री, मांजरे, उंदीर तसेच तेथील खवलेदार आर्माडिलो व ओपॉसम यांच्या रक्तात तो राहतो. कोंबड्यांची गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कोंबडीला हा रोग होत नाही, पण तिचे रक्त ढेकणाला आवडते. म्हणून घराला लागून असलेले खुराडे जंतू वाढवीत नसले तरी ढेकणांची संख्या वाढविते आणि ते ढेकूण पुढे घरात शिरतात.

रोगाची लक्षणे व उपचार

जंतू शरीरात शिरल्यावर एक-दोन आठवड्यांनी ताप, अंग सुजणे, गाठी येणे अशी लक्षणे दिसू शकतात. डोळ्यावाटे जंतू गेला असल्यास एका डोळ्याच्या पापण्या जांभळट होऊन सुजतात. ही खूण अर्जेंटिनातील डॉ. रोमान्या यांनी १९३५ मध्ये वर्णिली. परंतु पुष्कळ रोग्यांत सुरुवातीस कोणतेही लक्षण ठळकपणे दिसत नाही. ताप आपोआप उतरतो आणि माणूस बरा झाला असे वाटते.

खरा धोका येथूनच सुरू होतो. जंतू नाहीसा झालेला नसतो. तो स्नायूंच्या पेशींत दडून बसतो. दहा, वीस, तीस वर्षेही काही कळून येत नाही. पुढे अशा रोग्यांपैकी सुमारे २० ते ३० टक्के लोकांचे हृदय बिघडते. ते मोठे व दुबळे होते, ठोके अनियमित पडतात आणि काही वेळा माणूस शेतात काम करता करता एकाएकी मृत्यू पावतो. सुमारे १० टक्के लोकांची अन्ननलिका किंवा मोठे आतडे ताणून निकामी होते. गिळणे किंवा शौचास होणे कठीण होऊन बसते. घरातील कर्ता पुरुष किंवा स्त्री ऐन कामाच्या वयात अशी खचली म्हणजे सारे कुटुंब उघड्यावर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आजही जगात सुमारे ७० लाख लोकांच्या शरीरात हा जंतू आहे व दरवर्षी १०,००० हून अधिक लोक त्यामुळे मरण पावतात.

बेन्झनिडाझोल व निफुर्टिमॉक्स ही दोन औषधे या रोगावर उपलब्ध आहेत. रोग नवा असताना, विशेषतः नवजात बालकांत, ती दिल्यास बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. परंतु जसजशी वर्षे लोटतात तसतसा गुण कमी येतो, आणि बिघडलेले हृदय औषधाने पूर्ववत होत नाही. या रोगावर लस नाही. म्हणून ढेकणाचा बंदोबस्त करणे हाच मुख्य उपाय ठरला.

घर सुधारले, रोग हटला

ब्राझीलमधील बांबुई या गावी १९४३ मध्ये एक संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे डॉ. इमान्युएल डियास यांनी या ढेकणांच्या नाशाचे अनेक उपाय करून पाहिले. डी. डी. टी. चा या ढेकणांवर विशेष परिणाम होईना. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गॅमेक्झेन, म्हणजे बी. एच. सी., भिंतींवर फवारले असता मात्र ढेकूण मरतात असे आढळले. त्यानंतर फवारणीच्या मोहिमा सुरू झाल्या. बी. एच. सी. चा वापर पुढे मागे पडला (भारतातही १९९७ पासून त्यावर बंदी आहे) आणि १९८० नंतरच्या दशकात त्याची जागा कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी घेतली.

१९९१ मध्ये अर्जेंटिना, बोलिव्हिया, ब्राझील, चिली, पॅराग्वे व उरुग्वे या सहा देशांनी एकत्र येऊन मोहीम हाती घेतली. ढेकूण सरहद्द ओळखत नाही, तेव्हा एकट्या देशाने फवारणी करून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. तिचे फळ मिळाले. ट्रायाटोमा इन्फेस्टन्स या ढेकणामार्फत होणारा रोगप्रसार थांबल्याचे उरुग्वेत १९९७ मध्ये, चिलीत १९९९ मध्ये व ब्राझीलमध्ये २००६ मध्ये जाहीर झाले.

परंतु जेथे केवळ फवारणीवर विसंबून राहण्यात आले, तेथे ढेकूण पुन्हा परतले. अर्जेंटिना, बोलिव्हिया व पॅराग्वे यांतील ग्रान चाको या कोरड्या प्रदेशात शेळ्यांचे वाडे व खुराडी घराभोवती असतात. उन्हापावसामुळे तेथील औषधाचा जोर लवकर ओसरतो आणि उरलेले ढेकूण पुन्हा घरात येतात. काही ठिकाणी ढेकणांत औषध सोसण्याची शक्तीही उत्पन्न झाली आहे.

म्हणून फवारणीबरोबर घराची सुधारणा आवश्यक ठरली. ढेकणाला भेग पाहिजे. भेग नसेल तर त्याला दिवसा लपण्यास जागा राहत नाही. ग्वाटेमालात शेतकऱ्यांनी स्थानिक वाळू, चुना व ज्वालामुखीची राख यांचा टिकाऊ गिलावा भिंतींना दिला, मातीची जमीन पक्की केली आणि कोंबड्या घराबाहेर काढल्या. साहित्य गावातीलच असल्यामुळे खर्च बेताचा आला व पुढील दुरुस्तीही लोकांना स्वतः करता आली.

ब्राझीलमधील आणखी एक व्यवस्था ग्रामसेवकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. फवारणीनंतर ढेकूण विरळ झाले, की सरकारी माणसाला ते घरोघर शोधणे परवडत नाही. घरच्या माणसाला मात्र ते सहज दिसतात. म्हणून गावातील शाळेत किंवा आरोग्यकेंद्रात नोंदीची जागा ठरविण्यात आली. कुटुंबाने सापडलेला ढेकूण डबीत घालून तेथे द्यावा व त्यावरून कर्मचाऱ्याने त्या घराची तपासणी करावी, अशी ही रीत आहे. जी मोहीम लोकांच्या डोळ्यांनी पाहते, तीच टिकते.

आपल्याकडील स्थिती

या गटातील ‘ट्रायाटोमा रुब्रोफॅसियाटा’ ही जात भारतातही आहे. जहाजांतील उंदरांबरोबर ती जगातील उष्ण प्रदेशांच्या बंदरांत पसरली असे मानले जाते. ती उंदरांच्या वस्तीजवळ राहते व क्वचित माणसालाही चावते. चाव्यामुळे काहींच्या अंगावर गांधी उठतात. १९०९ मध्ये डॉ. डोनोव्हन यांनी मद्रास येथे या ढेकणात एक ट्रिपॅनोसोमा जंतू शोधला, पण तो उंदरांचा असून चागास रोगाचा नव्हे. ‘लिन्शकॉस्टियस’ नावाचा आणखी एक वंश तर केवळ भारतातच आढळतो. उंदरांचा बंदोबस्त नीट ठेवल्यास या ढेकणांपासून भय नाही.

आपल्या खाटेतील नेहमीचा ढेकूण वेगळ्या कुळातील आहे. तो झोप मोडतो, अंगाला खाज आणतो व त्याचा नायनाट करावाच. परंतु चागास रोगाचा प्रसार त्याच्यामार्फत निसर्गात होत असल्याचे सिद्ध झालेले नाही.

ट्रिपॅनोसोमा वंशातील एक जंतू मात्र आपल्या गोठ्यात खरोखर येतो. तो म्हणजे ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय’. त्याच्यामुळे घोडे, उंट, गुरे व म्हशी यांना सर्रा हा रोग होतो. तो ढेकणामार्फत पसरत नाही. रोगी जनावराला चावून लगेच दुसऱ्या जनावराला चावणाऱ्या मोठ्या गोमाश्या त्याचा प्रसार करतात. हा जनावरांचा रोग असला तरी २००४ मध्ये विदर्भातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हा जंतू आढळला. माणसाच्या रक्तात या जंतूला मारणारे जे द्रव्य असते, ते त्या शेतकऱ्याच्या रक्तात जन्मतःच नव्हते. अशी घटना फार विरळ होय. तथापि जनावरास वारंवार ताप येणे, ते रोडावणे किंवा गरगर फिरणे अशी लक्षणे दिसल्यास पशुवैद्यास बोलावून रक्त तपासून घ्यावे.

शेतातील मित्र ओळखा

रक्तपिपासू ढेकूण ज्या ‘रेडुव्हिडी’ कुळात मोडतात, त्याच कुळातील बहुसंख्य जाती रक्त न पिता इतर कीटकांची शिकार करतात. त्यांना मारेकरी ढेकूण म्हणतात. आपल्या कपाशी, भुईमूग व तूर यांच्या शेतांत ‘ऱ्हायनोकोरिस’ वंशाचे असे ढेकूण आढळतात. घाटेअळी व तंबाखूवरील पाने खाणारी अळी यांच्या अंगात सोंड खुपसून ते त्यांना ठार करतात. त्यांपैकी काहींचा रंग तांबडा-काळा असल्यामुळे कपाशीवरील तांबडे ढेकूण समजून ते मारले जातात.

ओळख अशी करावी. मारेकरी ढेकणाची सोंड आखूड, जाड व वाकडी असते, तर पिकाचा रस शोषणाऱ्या ढेकणाची सोंड लांब, बारीक व छातीखाली पायांच्या मागेपर्यंत गेलेली असते. मारेकरी ढेकूण एकेकटा, सावध चालीने फिरतो. तांबडे ढेकूण बोंडांवर झुंडीने बसतात. मारेकरी ढेकूण हाती धरू नये, कारण त्याचा दंश फार झोंबतो.

ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी काय करावे

१. घराच्या भिंतींतील भेगा दरवर्षी पावसाळ्यानंतर बुजवाव्यात व भिंती लिंपून किंवा गिलावा करून गुळगुळीत ठेवाव्यात. ढेकूण, पिसवा, विंचू व उंदीर या सर्वांना याने आळा बसतो.

२. खुराडे व गोठा राहत्या घराला लागून नसावा. सरपण, कडबा व विटांचे ढीग भिंतीशी रचू नयेत.

३. अनोळखी मोठा ढेकूण घरात आढळल्यास बोटांनी चिरडू नये. तो डबीत घालून कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे ओळखीसाठी पाठवावा.

४. शेतात फवारणी करण्यापूर्वी पिकावरील ढेकूण कोणत्या जातीचे आहेत, हे पाहून घ्यावे. मारेकरी ढेकूण, ढालकिडे व कोळी पुरेशा संख्येने असतील तर फवारणीची घाई करू नये.

५. घरात किंवा गोठ्यात औषध फवारावयाचे झाल्यास त्या कामासाठी मान्य असलेलेच औषध ठरलेल्या प्रमाणात वापरावे. पिकाचे औषध घरात फवारू नये.

ज्या रोगाने दक्षिण अमेरिकेतील खेडी हजारो वर्षे ग्रासली, त्याला आवर घालण्यास औषधाच्या जोडीला लिंपलेली भिंत, दूर नेलेले खुराडे आणि जागरूक कुटुंब यांची गरज पडली. ही तिन्ही साधने आपल्या प्रत्येक गावात आहेत. पावसाळा संपताच ग्रामसेवकांनी घरोघरच्या भिंतींची पाहणी सुरू करावी व शेतकरी बंधूंनी त्यांना साहाय्य करावे.